वेठ, दंड आणि कैफियत : ‘जेव्हा माणूस जागा होतो’चे एक वाचन

मराठी समीक्षेत ‘संहिता’ हा शब्द आता इतका रुळला आहे की तोच शब्द कायद्याच्या व्यवहारातही वावरतो याची आठवण सहसा राहत नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ३७४ वे कलम होते. कोणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदेशीरपणे राबवून घेणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात होती. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, डहाणू आणि तत्कालीन उंबरगाव या तालुक्यांत, हे कलम लागू असतानाच वारली कुळे जमीनदाराच्या शेतावर, वाड्यावर आणि रानात वेठीला राबत होती. १९४५ साली ही वेठ मोडली, पण ती या कलमाने मोडली नाही. एका संहितेने गुन्हा ठरवलेली आणि तरीही तिच्या डोळ्यांदेखत चालू राहिलेली ही गोष्ट मराठीत विस्ताराने लिहिली गेली ती दुसऱ्या एका संहितेत, गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात. या दोन संहितांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या चर्चेत ते कधी आत्मकथन म्हणून, कधी चळवळीचा वृत्तांत म्हणून, तर कधी आदिवासी जीवनावरील आरंभीचे लेखन म्हणून वाचले गेले. या तिन्ही वाचनांत तथ्य आहे, परंतु तिन्हींतून एक साधी बाब निसटते. पुस्तकाची लेखिका कायद्याची पदवीधर होती. पुण्यातील एका नामांकित वकिलाच्या घरात १९०७ साली जन्मलेल्या गोदावरी गोखले या महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा-पदवीधर मानल्या जातात. १९३२ च्या सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास घडला. पुढे भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सभासद झाल्या आणि १९३९ साली शामराव परुळेकरांशी विवाहबद्ध झाल्या. पुरावा कशास म्हणतात, साक्ष कशी घेतात, आरोप कसा मांडतात याचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीने हे पुस्तक लिहिले आहे. माणसे, गावे, कर्जाची रक्कम, मजुरीचा दर, शिक्षेचा प्रकार यांची त्यातील नोंद भावनेच्या भरात केलेली नाही. एका पक्षकाराची बाजू रीतसर मांडावी तशी ती मांडलेली आहे. मराठीच्या जुन्या दप्तरी गद्यात यासाठी ‘कैफियत’ असा नेमका शब्द आहे आणि न्यायालयीन मराठीत तो आजही टिकून आहे. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ला आत्मचरित्राच्या मापाने मोजण्यापेक्षा कैफियतीच्या मापाने मोजणे अधिक न्याय्य ठरेल.

ही कैफियत कोणत्या दंडव्यवस्थेविरुद्ध आहे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मिशेल फूको यांच्या १९७५ च्या ग्रंथापासून दंडसंस्थेच्या अभ्यासाला एक ठरावीक वळण लागले. जाहीर देहदंडाचा सोहळा मागे पडतो, त्याच्या जागी तुरुंग, वेळापत्रक आणि सततची नजर येते, आणि दंडाचे लक्ष्य देहाकडून मनाकडे सरकते, ही त्याची मुख्य रेषा. मराठी विद्यापीठीय चर्चेतही ती बरीच प्रिय झाली. वसाहतीत ही रेषा सरळ चालत नाही, याकडे डेव्हिड आर्नल्ड यांनी वसाहतकालीन तुरुंगावरील १९९४ च्या निबंधात लक्ष वेधले आहे. परंतु तेथेही चर्चेच्या केंद्रस्थानी राहतो तो तुरुंगच. डहाणूकडून पाहिले तर तुरुंग फार दूर, ठाण्याला असतो. ज्या जागी वारल्याला दंड होतो ती जागा जमीनदाराची ओसरी आणि वाड्यापुढचे अंगण ही आहे. फिर्यादी, न्यायाधीश आणि फटके मारणारा हात, तिन्ही एकाच घरचे. अपराध म्हणजे काय, तर बोलावल्यावर कामाला न येणे, उशिरा येणे, घरी कोणी आजारी आहे असे सांगणे. शिक्षा म्हणजे मार, बांधून ठेवणे, उपास. यात लपवण्यासारखे काही नव्हते, आणि सोहळा म्हणण्यासारखेही काही नव्हते. ते रोजचे होते. फूकोच्या ग्रंथाच्या आरंभी येणारा देहदंड राजसत्तेची घोषणा करणारा आहे. डहाणूतल्या फटक्याला कसलीही घोषणा करायची नव्हती. त्याला भाताची लावणी वेळेवर उरकून घ्यायची होती.

या व्यवस्थेचा आर्थिक पाया ठाऊक असल्याशिवाय तिच्यातील दंड समजत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमिनी वारल्यांच्या हातून सावकार आणि जमीनदार यांच्याकडे गेल्या. या मालकांत पारशी, इराणी, गुजराती, मारवाडी, मुसलमान आणि मराठी उच्चवर्णीय असे सगळेच होते, तेव्हा या शोषणाला एका जातीचा वा एका धर्माचा चेहरा देता येत नाही. पावसाळ्याच्या तोंडी धान्य संपले की खावटी घ्यायची, सुगीला ती दिडीदुपटीने फेडायची, आणि फेड पुरी झाली नाही की कुळ म्हणून, मग नुसता राबता म्हणून राहायचे. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेणारा तरुण ‘लग्नगडी’ होई. तो आणि त्याची नवी बायको त्या कर्जापोटी सावकाराच्या घरी बांधली जात, आणि कर्ज फिटल्याचे सांगणारा हिशेब सावकाराकडेच असे. कर्ज ही शिक्षा आणि मुदत अनिश्चित, असे हे स्वरूप होते. दंडसंहितेत शिक्षेला निदान मुदत तरी असते. सरकारला हे ठाऊक नव्हते असेही नाही. मुंबई इलाख्यातील आदिवासी व डोंगरी जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९३७ साली डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक झाली होती. त्यांच्या अहवालात वेठ, कर्जगुलामी आणि जमीनदारांकडून कुळांच्या बायकांचा होणारा उपभोग या तिन्ही गोष्टी नोंदल्या गेल्या. म्हणजे झरीच्या परिषदेपूर्वीच सरकारच्या दप्तरी ३७४ व्या कलमाचे उल्लंघन सरकारी अधिकाऱ्याच्याच सहीने दाखल होते.

मात्र या मुलखात सरकारी दंडयंत्रणाच नव्हती, केवळ खाजगी जुलूम होता, असे म्हणणे चूक होईल. यंत्रणा होती, आणि फार कार्यक्षम होती, पण तिचे तोंड दुसरीकडे होते. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रान झाले आणि त्यातून राबासाठी टहाळ तोडणे, सरपण आणणे, गुरे सोडणे ही वारल्याची नित्याची कामे परवान्याच्या किंवा गुन्ह्याच्या सदरात गेली. त्याच वर्षीच्या मुंबई अबकारी कायद्याने घरी दारू गाळणे गुन्हा ठरले. १८९२ साली तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांना डोळ्यांसमोर ठेवून मोहाच्या फुलांवर स्वतंत्र कायदा झाला. ज्या झाडाचे फूल उन्हाळ्यात पोटाला आधार होते ते बाळगणेही संशयास्पद झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हा धागा तोडला नाही, उलट अधिक घट्ट केला. येथे गुन्हेगार जमातींच्या इतिहासाशी तुलना उद्बोधक ठरते. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. तो कलंक पिढ्यान्‌पिढ्या कसा पुरला हे लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ने (१९८७) मराठी वाचकासमोर ठेवले. वारली त्या यादीत नव्हते. त्यांचा जन्म गुन्हा नव्हता, पण त्यांचा दिवस गुन्ह्यांनी भरलेला होता. ज्याच्या हातून रोज काही ना काही गुन्हा घडतो तो मोठ्या अन्यायाची फिर्याद घेऊन कचेरीची पायरी चढत नाही. अशा मुलखात दौऱ्यावर आलेल्या शिपायाचा मुक्काम कोणाच्या ओसरीवर पडत असेल, हे वेगळे सांगायला नको. सरकारी दंड आणि सावकारी दंड एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हते. पहिल्याच्या धाकाने दुसरा सुरक्षित राहत होता.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तेथे उंबरगावकडचे थोडे वारली आले होते, त्यांत माह्या धांगडा होते. त्यांच्या बोलावण्यावरून परुळेकर दांपत्य या भागात आले आणि २३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे पाच हजार वारल्यांची परिषद झाली. झरी हे गाव आज तलासरी तालुक्यात आहे. १९६० साली राज्यविभाजनात उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, उरलेल्यातून तलासरी आकाराला आला, आणि २०१४ पासून डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात मोडतात. झरीचा निर्णय थोडक्यात असा, की वेठ करायची नाही आणि मजुरीशिवाय कामाला हात लावायचा नाही. पुढच्या काही आठवड्यांत वारल्यांनी जमावाने वाड्यांवर जाऊन लग्नगड्यांना सोडवून आणले. या मुक्तीला हुकूमनामा नव्हता, निवाडा नव्हता, की सुटकेचा दाखला नव्हता. त्यामागोमाग गवतकापणीच्या दराचा लढा आला. पाचशे रतल गवताला अडीच रुपये, ही त्या संपाची मागणी. जमीनदाराच्या अंगणातला दंड वारल्यांनी स्वतःच्या बळावर थांबवला, आणि तो थांबताच सरकारी दंड पुढे सरसावला. कथनातील खरा कलाटणीबिंदू हा आहे.

१० ऑक्टोबर १९४५ च्या रात्री तलवाड्यात हजारो वारली जमले. गोदावरीबाईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, हत्यारे घेऊन या, असा निरोप गावोगाव पोचला होता. परुळेकरांच्या मांडणीनुसार हा निरोप खोटा होता आणि जमीनदारांच्या बाजूने पसरवला गेला होता. पोलिसांना दुसऱ्या बाजूने वारली हल्ल्यासाठी जमत असल्याची खबर देण्यात आली. रात्री आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी गोळीबार झाला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. या प्रसंगाचे वाचन करताना रणजित गुहा यांच्या शेतकरी बंडावरील १९८३ च्या ग्रंथाची आठवण अटळ आहे. अफवा ही निनावी, लिपीविरहित आणि म्हणूनच बंडखोरांच्या हाती असलेली भाषा होय, असे ते दाखवतात. तलवाड्याची अफवा या सिद्धान्ताला अवघड जाते. तिचा मार्ग वारल्यांचा होता, तोंडून कानी, पाड्यावरून पाड्यावर. पण तिचा उगम, कैफियत खरी मानल्यास, शत्रूच्या घरी होता. बंडखोरांचे माध्यम सत्ताधाऱ्याला उसने घेता येते, आणि त्या उसन्या शब्दावर माणसे मारता येतात, ही शक्यता गुहांच्या चौकटीत पुरेशी सामावत नाही. मात्र खोट्या निरोपावर एवढी माणसे रात्रीतून का चालत आली, याचे उत्तर अफवेत नाही. ते झरीच्या परिषदेत आहे.

त्या रात्री गोदावरीबाई तलवाड्यात नव्हत्या. पुस्तकाच्या केंद्रस्थानी असलेला प्रसंग निवेदिकेने पाहिलेला नाही, ही बाब वाङ्मयीनदृष्ट्या जितकी महत्त्वाची तितकीच कायद्याच्या दृष्टीनेही आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे ६० वे कलम सांगत असे की तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, म्हणजे पाहिलेल्या गोष्टीबद्दल पाहणाऱ्यानेच बोलले पाहिजे. तलवाड्याबद्दलचे निवेदन या कसोटीवर ऐकीव ठरते. कायदा शिकलेल्या लेखिकेला हे ठाऊक नसणे शक्य नाही. तरीही ती लिहिते, कारण ज्यांनी पाहिले त्यांची साक्ष ज्या न्यायालयात ग्राह्य धरली गेली असती असे न्यायालय त्या मुलखात नव्हते. पुस्तकाचा वाङ्मयप्रकार येथे निश्चित होतो. कैफियत लिहिणारी व्यक्ती एका पक्षाची वकील आहे, साक्षीदार नाही. गोळीबारानंतर परुळेकरांवर जिल्हाबंदीचा हुकूम बजावला गेला, आणि १९४६ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आणि गृहखात्यावर मोरारजी देसाई आल्यावरही संप फुटताच तेच हत्यार पुन्हा उपसले गेले. जिल्हाबंदीचा दंड फूकोच्या रेषेत कोठेच बसत नाही. ती माणसाला कोंडत नाही, त्याला प्रसंगाबाहेर ठेवते. वकिलाला अशिलापासून तोडणे हा तिचा तात्कालिक हेतू. तिचा दूरगामी परिणाम मात्र इतिहासलेखनावर झाला. ७ जानेवारी १९४७ ला पालघर तालुक्यात नानिवलीला पुन्हा गोळीबार होऊन पाच वारली ठार झाले. अशा प्रसंगांत मरणारे घटनास्थळी आणि लिहिणारे हद्दीबाहेर, अशी विभागणी सरकारी हुकमानेच घडवून आणली होती.

शहीद अमीन यांनी चौरीचौरा खटल्यातील माफीच्या साक्षीदाराची जबानी वाचून (१९८७) न्यायालयीन भाषा शेतकऱ्याच्या कृतीला ‘गुन्हा’ कसे बनवते हे उलगडले. त्याच वर्षीच्या ‘चंद्राज डेथ’ या निबंधात गुहांनी १८४९ च्या तीन तुटक जबान्यांतून एका स्त्रीच्या मृत्यूभोवतीचे सगळे जग उभे केले. दोघांचाही मार्ग न्यायालयाच्या कागदाविरुद्ध जाऊन वाचण्याचा आहे. डहाणूच्या बाबतीत मराठी अभ्यासकासमोर उलटी परिस्थिती आहे. येथे हाती आहे ती बचावपक्षाची संहिता, सहानुभूतीची आणि समर्थ. तिच्याविरुद्ध वाचणे अधिक कठीण, कारण तसे करताना जमीनदाराच्या बाजूला जाऊन उभे राहिल्यासारखे वाटते. हा संकोच समजण्याजोगा असला तरी टिकाऊ नाही. पुस्तकाचे शीर्षकच पाहावे. माणूस जागा होतो, म्हणजे तोवर तो झोपलेला होता. पण टिटवाळ्याला वारली आपण होऊन आले होते. झोपलेला माणूस परिषद शोधत जंगलातून कल्याण तालुक्यापर्यंत जात नाही. वेठ चुकवणे, रानात निघून जाणे, कामात दिरंगाई करणे यांना जाग म्हणायचे नाही काय? शीर्षकातील रूपक चळवळीच्या आगमनाला आरंभबिंदू ठरवते आणि त्यापूर्वीच्या प्रतिकाराला झोपेतली चाळवाचाळव करून टाकते. गुहांनी ज्याला तिसऱ्या पातळीचे कथन म्हटले, ज्यात बंडखोराच्या बाजूचा लेखकही बंडाचा कर्ता दुसऱ्याच कोणाला करतो, त्याची छाया येथे पडली आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. वारली समाजाची स्वतःची दंडव्यवस्था होती. पंचांपुढे होणारा निवाडा आणि दंड होता, भगताचा शब्द होता, आणि ‘भुताळी’ ठरवलेल्या बाईला मिळणारी शिक्षा होती. पुस्तकाच्या मूल्यव्यवस्थेत या गोष्टी अंधश्रद्धेच्या सदरात जातात. दंड म्हणून त्यांचा विचार होत नाही. त्यामुळे जमीनदाराच्या अंगणात बायकांवर झालेला अत्याचार नोंदला जातो, पण पाड्यावर झालेल्या शिक्षेला तसे दोषारोपपत्र मिळत नाही. पुरोगामी लेखनाला शोषिताच्या घरातील दंड पाहणे नेहमीच जड गेले आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा विषय पुन्हा दंडसंहितेच्या भाषेत आणला, तेव्हा त्याची मराठीतली पूर्वपीठिका लिहिलेली असती तर बरे झाले असते.

जाता जाता एक योगायोग नोंदवावा. झरीची परिषद झाली त्याच १९४५ साली डहाणू तालुक्यात बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. तुरुंग, शाळा आणि पलटण यांना एका माळेत ओवणाऱ्या अभ्यासकांनी या अंगणवाडीची आणि दहा-पंधरा कोसांवरच्या वाड्यातील अंगणाची तुलना करून पाहावी. दोन्ही ठिकाणी वारल्याचा देह वळणावर आणला जात होता, असे सिद्धान्ताच्या जोरावर म्हणता येईल. पण एका अंगणातून मूल पळून गेले तर बाई त्याला शोधत पाड्यावर जात, एवढा फरक ज्या सिद्धान्ताला दिसत नाही तो फारसा कामाचा नाही.

मराठीत तुरुंग-साहित्याची परंपरा समृद्ध आहे. ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले, ‘श्यामची आई’ नाशिकच्या, आणि ‘माझी जन्मठेप’ने (१९२७) अंदमान मराठी घरांत नेले. हे सगळे राजबंदी होते, लिहिणारे होते. गोदावरीबाईही त्यांतल्याच. १९३२, १९४० ते १९४२, आणि पुन्हा साठीच्या दशकात त्या तुरुंगात होत्या. शामराव तर १९६५ साली स्थानबद्धतेत असतानाच मुंबईच्या ऑर्थर रोड तुरुंगात वारले. ‘बंदिवासाची आठ वर्षे’ हे त्यांचे दुसरे पुस्तक या अनुभवावर आहे. १९४५ ते १९४७ या काळात खटल्यांत गोवल्या गेलेल्या वारल्यांनी मात्र एकही तुरुंगकथन मागे ठेवलेले नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कैदी कच्चे होते, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता. या वर्गाचा आवाज मराठी साहित्याच्या इतिहासात कोठे शोधायचा, हा प्रश्न साहित्यप्रकारांच्या प्रचलित वर्गीकरणाने सुटणारा नाही. तो खटल्यांच्या कागदांत, जबानीच्या नोंदवहीत आणि अंगठ्यांच्या ठशांत शोधावा लागेल. वारली बोलीत सांगितलेले कारकुनाच्या कचेरी-मराठीत उतरताना काय झाले, याचा अभ्यास भाषाविज्ञान आणि समीक्षा या दोहोंना करता येण्याजोगा आहे.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने पुन्हा एकदा रद्द झाली. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, आणि जुने ३७४ वे कलम तेथे १४६ वे होऊन बसले. पुराव्याच्या बाबतीत मात्र एक वेगळी गोष्ट मधल्या काळात घडली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत, जमिनीवरील वहिवाट सिद्ध करण्यासाठी चालणाऱ्या पुराव्यांच्या यादीत, दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्या माणसांचे लेखी नोंदवून घेतलेले निवेदन समाविष्ट आहे. डहाणू-तलासरीत वनहक्काचा दावा मांडताना म्हाताऱ्या वारल्याची जबानी सरकारी कागदावर पुरावा म्हणून उतरते. सांगणारा तो असतो, लिहिणारा बहुधा दुसराच असतो, आणि खाली अंगठा त्याचा.